छप्पर माणसांसाठी नव्हे, लाकडासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशांतल्या छपराच्या लाकडी पुलांवर पानभर मजकूर आला. छायाचित्रे देखणी होती. मात्र पुलावर बर्फ साचू नये आणि खालचे पाणी बघून घोडी बुजू नयेत म्हणून छप्पर घालत, असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. त्याच अंकात आतल्या पानावर, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलभागातल्या गावांनी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा साकव, म्हणजे नाल्यावरचे ओंडक्यांचे कच्चे पूल, घालायला घेतल्याची चार ओळींची बातमी आहे. पुरवणीतल्या पुलांना छप्पर का होते हे नीट कळले, तर ही चार ओळींची बातमी दरवर्षी का छापावी लागते तेही कळते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. जागेअभावी कापावे लागलेच तर इतिहास कापा, साकवाचा भाग ठेवा.

आधी बर्फाचे. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर या राज्यांत हिवाळ्यात चाकांच्या गाड्या बंद होत आणि बर्फावरून घसरणाऱ्या गाड्या चालत. छपरामुळे पुलावर बर्फ पडेना, मग कोरड्या फळ्यांवरून ती गाडी ओढताना घोड्यांचा दम निघे. तेव्हा गावे पैसे देऊन माणूस लावत आणि तो बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून फळ्यांवर पसरत असे. म्हणजे छपराने बर्फाच्या दिवसांत सोय नव्हे, गैरसोयच केली. तरी ते काढायचा विचार कुणी केला नाही, कारण ते वाटसरूंसाठी नव्हतेच.

लाकूड कुजायला चार गोष्टी लागतात: हवा, ऊब, बुरशीला खायला लाकूड आणि ओल. पहिल्या तिन्हींवर आपला इलाज चालत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास जाऊन तिथेच टिकला की ती भराभर पसरते. भिजणे लाकूड सोसते. भिजल्यावर वाळायला वाव न मिळणे मात्र सोसत नाही. आणि पुलात अशी कोंडलेली जागा म्हणजे सांधा. खोबणीत कूस (लाकडाचे कोरून बारीक केलेले टोक) बसवून मेख ठोकली की त्या फटीत शिरलेले पाणी ना उन्हाला सापडते ना वाऱ्याला. पुलाची सारी ताकद सांध्यांत आणि मुरलेली ओलही तिथेच, हे लाकडी पुलाचे मूळ दुखणे. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघायचा आणि वरून छप्पर, बाजूंनी फळ्या मारलेला पूल शंभरी गाठायचा, तो एवढ्याच फरकाने.

आपल्याकडे हे कुणाला नव्याने शिकवायला नको. मातीच्या भिंतीच्या घराला पाखा भिंतीपुढे दोन-अडीच हात काढायचा, पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील असे बघायचे आणि मेअखेर पावसाच्या अंगाला झडप बांधायची, हे जांबोटी-कणकुंबीकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. छपराचा पूल म्हणजे हेच घर, ओढ्यावर आडवे ठेवलेले. भिंतीच्या जागी लाकडी कैच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या तिरप्या-उभ्या लाकडांच्या चौकटी, झडपेच्या जागी उभ्या फळ्या.

युरोपात ही रीत जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरातला कापेलब्रुके हा पूल चौदाव्या शतकातला, सुमारे २०० मीटर लांबीचा. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा मोठा भाग एका रात्रीत जळाला आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा वाहता झाला. अमेरिकेत मात्र छप्पर नंतर सुचले. फिलाडेल्फियाला शुइलकिल नदीवर टिमथी पामर या सुतार-बांधकामकाराने मोठा लाकडी पूल उभा केला. पुलाच्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी त्यावर छप्पर घालायचा आग्रह धरला आणि १८०५ मध्ये ते घातले गेले. तिथून पुढे त्या देशात छपराचा पूल हीच रूढी झाली.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न सुटत होता, तो गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचा. नुसता ओंडका टाकून आठ-दहा मीटर ओलांडता येतात. त्यापुढे ओंडका स्वतःच्याच वजनाने वाकू लागतो, म्हणून कैची लागते. सगळ्यांत साधी कैची म्हणजे खाली आडवी तुळई, मधोमध उभा खांब, आणि खांबाच्या डोक्यापासून तुळईच्या दोन टोकांना आलेली दोन तिरपी लाकडे. मधला खांब तुळईला खालून टेकू देतो असे बघणाऱ्याला वाटते. खरे तर तो तिला वरून लटकवून धरतो. त्यामुळे त्याचा खालचा सांधा दाबात नसतो, ताणात असतो, आणि तिथे नुसती कूस घालून भागत नाही, लोखंडी पट्टीचा पाळणा द्यावा लागतो. गावठी कैच्या इथेच फसतात. सुतार खांब तुळईवर सुबक बसवतो आणि एका पावसाळ्यात तुळई खाली उतरून दोहोंमध्ये बोटभर फट दिसू लागते.

थिओडोर बर यांनी अशा कैच्यांच्या मालिकेला मोठी लाकडी कमान जोडली आणि १८१७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण खेड्यापाड्यांत पूल नेला तो इथिएल टाउन यांच्या १८२० च्या जाळीने. हे टाउन मूळचे वास्तुरचनाकार. त्यांनी जाड तुळया टाळल्या. गिरणीत कापलेल्या, साधारण ३ इंच जाड आणि १० ते १२ इंच रुंद फळ्या तिरप्या एकमेकींवरून ओलांडत न्यायच्या, वर-खाली आडव्या फळ्यांची जोडी घ्यायची आणि जिथे फळी फळीला भेटेल तिथे गिरमिटाने भोके पाडून ओकच्या मेखा ठोकायच्या. शेताच्या कुंपणाला कामट्यांची जाळी विणतात तीच, फक्त दोन पुरुष उंचीची. यात खोबणी नाहीत, कुशी नाहीत, पटाशीचे नाजूक काम नाही. गवंडी-सुतारांची टोळी बाहेरून आणावी लागत नाही, गावातला जो कुणी सरळ भोक पाडू शकतो तो कामाला येतो. एखादी फळी गेली तर भार शेजारच्या पाच-सहा फळ्या वाटून घेतात. टाउन यांचा व्यवहारही चोख होता. पुलाच्या फुटामागे एक डॉलर हक्काचे पैसे, आणि न विचारता बांधलेला सापडला तर दोन डॉलर.

व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशायर यांच्यामधल्या कनेक्टिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल याच जाळीच्या कुळातला. १८६६ चा, दोन गाळ्यांचा, एकूण १३७ मीटर, बांधणारे बेला फ्लेचर आणि जेम्स टास्कर, खर्च ९००० डॉलर. त्याच जागेवरचे आधीचे तीन पूल गेले होते. त्याच्या तोंडावर पाटी आहे: घोडी चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर भरा. घोड्यांच्या एकसारख्या टापांनी सगळा पूल हिंदकळतो आणि मेखांची भोके लांबट होत जातात, म्हणून हा नियम. आपल्या साकवावर पोरे एका ठेक्यात उड्या मारतात तेव्हा म्हातारी माणसे ओरडतात, तेही उगाच नाही.

१८४० मध्ये विल्यम हाउ यांनी कैचीतले उभे लाकूड काढून तिथे दोन्ही टोकांना आटे पाडलेली लोखंडी सळई घातली. लाकूड वाळते तसे आकसते आणि कैची ढिली पडते. आधी ती आवळायला पाचरी ठोकत. हाउ यांच्या कैचीत पाना घेऊन नट फिरवला की झाले. रेल्वेवाल्यांनी ती लगेच उचलली. आमच्या मते खेड्यातल्या पुलासाठी लाकडी बांधणीतली ही सगळ्यांत उपयोगी सुधारणा आहे.

हे पूल पुढे गेले कशाने, ते बघण्यासारखे आहे. छपराखालचे लाकूड कुजून गेले अशी उदाहरणे थोडी, पुराची आणि आगीची फार. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात एकट्या व्हर्माँटमध्ये बाराशेहून अधिक लहान-मोठे पूल वाहून गेले. न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइम पूल १८५५ चा, निकोलस पॉवर्स यांनी बांधलेला, एकाच गाळ्यात सुमारे ६४ मीटर. तो दीडशे वर्षे कोरडा राहिला आणि २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात तासाभरात नाहीसा झाला. पुढे तो बांधला तो आधीपेक्षा उंचावर. लाकूड तरंगते, हे पूल बांधणाऱ्याने विसरू नये. पाणी तळाला लागले की ते पुलाला ढकलते आणि उचलतेही.

कूज धरलीच तर ती टोकांना. गाड्यांच्या चाकांबरोबर येणारा चिखल काठावरच्या दगडी बांधकामावर साचतो आणि खालच्या तुळईचे टोक त्यात रुतून बसते. म्हणून जाणते कारागीर तुळई थेट दगडावर ठेवत नसत. मध्ये एक आडवे जाड लाकूड घालत, कुजायचे ते यानेच कुजावे म्हणून. पंधरा-वीस वर्षांनी पूल जॅकने चार बोटे उचलायचा, ते बदलायचे, पूल पुन्हा खाली ठेवायचा. मुद्दाम ठेवलेला हा बळीचा बकरा आमच्या पाहण्यातल्या एकाही साकवात नाही.

पूर्वेकडे बघितले तर आपल्या हवामानाच्या जवळची उदाहरणे मिळतात. दक्षिण चीनमधले डोंग लोक त्यांच्या छपराच्या पुलांना ‘वारा-पावसाचे पूल’ म्हणतात. नावातच सगळे आले. भूतानमध्ये पुनाखाच्या किल्ल्यासमोरचा पूल सतराव्या शतकातला, विसाव्या शतकाच्या मध्यावर पुराने नेलेला आणि २००८ मध्ये पुन्हा बांधलेला. त्याचा गाळा ५५ मीटर आणि नदीत एकही खांब नाही. दोन्ही काठांवरून ओंडक्यांचे थर एकावर एक रचतात. प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढतात आणि मागची टोके जड बांधकामाखाली दाबून ठेवतात. शेवटी मधल्या अंतरावर सरळ तुळया पडतात. ही दाबून ठेवलेली टोके मातीत पुरली तर कुजतात, म्हणून भरावात नुसते कोरडे दगड हवेत, माती नको.

आता साकवाकडे. मराठीत साकव, कोकणीत सांकव, कन्नडमध्ये संक किंवा कालुसंक: तिन्ही एकाच ‘संक्रम’ शब्दाची लेकरे. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबी, आमगावच्या पट्ट्यात चार हजारांच्या पुढे जातो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानात. त्यांना मिळणारे नाले जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गावांना एकमेकांपासून तोडतात.

साकव घालायची रीत सगळ्यांना माहीत आहे. मत्ती, किंदळ किंवा जांबा या झाडांचे दोन-तीन सरळ ओंडके. प्रवाहात बेळक्यांच्या, म्हणजे वर दुफाटा असलेल्या खांबांच्या, दोन जोड्या. त्यावर हातभर अंतराने आडव्या दांड्या, त्यांवर बांबूच्या कांबी. आधी वेलीने बांधत, आता तारेने. एका अंगाला धरायला बांबू. दोन-चार दिवसांत काम होते, खर्च श्रमाचा.

हा साकव सप्टेंबरात बघावा. वरून ओंडका टणक दिसतो. जिथे तार आवळली आहे तिथली तार थोडी सरकवून अंगठा दाबा. तारेने साल कापून खाच पाडलेली असते, खाचेत पाणी आणि पालापाचोळा थांबतो, आणि तेवढ्या दोन बोटे जागेत लाकूड भिजलेल्या गुळासारखे लागते. वेलीची गाठ सैल व्हायची, पण खाच पाडत नसे. दुसरी जागा काठावरची. ओंडक्याचे कापलेले टोक ओल्या मातीत टेकलेले असते. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कापलेल्या तोंडाने, अंगाने पिते त्याच्या कित्येक पट. तेव्हा तिथून ओल आत हातभर चढते. तिसरी गोष्ट साल. साल न काढता ओंडका टाकला की तिच्याखाली भुंगा घर करतो आणि सालीलगतचे पांढरे लाकूड पहिल्याच वर्षी भुसा होते. आतला गाभा टिकतो, पण एक वितीचा ओंडका मग चार-पाच बोटांचा उरतो आणि वरून तसाच जाड दिसतो. अपघात होतो तो यामुळे. चौथे म्हणजे मधली बेळकी. वाहत आलेली फांदी तिला अडकते, फांदीला पाला, पाल्याला आणखी फांद्या, आणि तासाभरात तिथे बांध तयार होतो. मग साकव पाण्याच्या जोराने जात नाही, या कचऱ्याच्या जोराने जातो.

यातल्या तीन दुखण्यांवर छप्पर आणि चार साध्या काळज्या हा उपाय आहे, चौथ्यावर नाही. हे आधीच सांगितलेले बरे. प्रवाहात खांब असलेल्या साकवावर छप्पर घातले तर पुराबरोबर छप्परही जाईल. आधी मधला खांब काढायचा, मग पूल वर उचलायचा, मग छप्पर.

समजा नाल्याचा गाळा ९ मीटर आहे. असे नाले भरपूर आहेत. दोन्ही बाजूंना एकेक मध्यखांबाची कैची, मध्ये चालायची रुंदी दीड मीटर. याहून अरुंद नको, कारण याच वाटेने आजारी माणसाला डोलीवरून न्यावे लागते आणि डोलीच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. आत उंची अडीच मीटर. माणसाला दोन मीटर पुरतात, पण डोक्यावर गवताचा भारा असलेल्या बाईला पुरत नाहीत, आणि ती वाकायला गेली तर भारा कठड्याला अडतो. भार चौरस मीटरला ४०० किलो धरला तर माणसांचेच वजन ५.४ टन होते. छपरासह एकूण आठ-नऊ टनांचा हिशोब करावा. लाकडांची मापे अभियंत्याकडून काढून घ्यावीत, अंदाजाने नव्हे. मधला उभा खांब लाकडाचा न करता हाउच्या पद्धतीने जस्त चढवलेल्या सळईचा करावा, म्हणजे दरवर्षी नट आवळता येतो. मत्ती-किंदळात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, साध्या लोखंडाभोवती लाकूड काळे पडते आणि खिळा सैल होतो. जस्ताचा खर्च वाचवू नये.

तुळईचा तळ पुराच्या सर्वांत उंच खुणेपेक्षा किमान एक मीटर वर हवा. ही खूण कागदावर मिळत नाही. नाल्याच्या काठच्या झाडांच्या बेचक्यांत अडकून वाळलेला पाचोळा बघायचा आणि गावातल्या दोन-तीन वयस्कांना वेगवेगळे विचारायचे. तिघांचे एकमत झाले नाही तर वरची खूण धरायची. पुलाचा वरच्या अंगाचा एक कोपरा तारदोराने काठावरच्या मोठ्या झाडाला किंवा खडकातल्या कडीला बांधून ठेवावा. पाणी त्याहूनही वर आलेच तर पूल सुटून काठाला लागतो, दोन मैलांवर सापडत नाही.

छप्पर कौलांचे की पत्र्याचे? खानापूर हा कौलांचा तालुका. इथल्या मातीमुळे खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आली. ११ मीटर लांब आणि प्रत्येकी १.६ मीटरचे दोन पाखे धरले तर ३५ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला १५ मंगळुरी कौले म्हणजे सुमारे ५३०, आढ्याची वेगळी. वजन सव्वा टनाच्या वर, आणि भिजली की आणखी दीड-दोन क्विंटल. हे वजन वाया जात नाही, वाऱ्याला छप्पर उचलू देत नाही. चीनमधल्या लाकडी कमानींच्या पुलांनाही छपराच्या वजनानेच स्थैर्य येते. पत्रा दोनशे किलोच्या आत बसतो, पण त्याला प्रत्येक वाशाला हुकाने बांधावे लागते. हुकाचे भोक नाळीत नाही, उंचवट्यावर पाडायचे, वॉशरसकट. कौलांचा एक शत्रू अभियंत्यांच्या पुस्तकात नसतो, तो म्हणजे वानरे. जिथे वानरांची वाट झाडांवरून पुलावर उतरते तिथे कौले टिकणार नाहीत. मग पत्राच बरा, आणि पुलावर ओणवलेल्या फांद्या तोडायला हव्यात. बाजूच्या फळ्या उभ्याच माराव्यात, आडव्या मारल्या तर जोडावर पाणी थांबते. त्या अगदी वरपर्यंतही नेऊ नयेत. पाख्याखाली हातभर उघडे ठेवले तर वारा खेळतो आणि उजेडही येतो. टोकांना छप्पर काठाच्या आत मीटरभर जावे. तुळईची टोके तिथेच असतात.

लाकूड पावसाळा संपल्यावर तोडलेले, साल आणि पांढरे लाकूड उतरवलेले, सावलीत निदान सहा महिने वाळलेले हवे. कापलेल्या तोंडांना डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल दोनदा. अंगाला डांबर फासू नये. आतली ओल कोंडते आणि वरून काळ्या थराखाली काय चालले आहे ते दिसत नाही. बांबू वापरायचा तो वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून. त्यातले पिष्ट निघून जाते, मग भुंग्याला त्यात रस राहत नाही.

दोन आक्षेप येतील. पहिला जंगलाचा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आतल्या गावांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालच्या परवानग्या लागतात. पण दर एक-दोन वर्षांनी साकवासाठी नवे ओंडके लागतातच. वन खात्याच्या आगारातले वाळलेले, मोजलेले लाकूड एकदाच देऊन तीस-चाळीस वर्षांचा पूल होत असेल तर त्यात जंगलाचाही फायदा आहे. शिवाय यात काँक्रीट नाही, जेसीबी आत न्यावा लागत नाही, सगळे सामान खांद्यावरून जाते. दुसरा आक्षेप असा, की सिमेंटचा पूल मागायचा सोडून हे लाकडी काय. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. जिथे रुग्णवाहिका जायला हवी तिथे पक्का पूलच हवा आणि छपराचा साकव दाखवून तो नाकारला जाऊ नये. मोठ्या गाळ्यांना, वीस-पंचवीस मीटरच्या पुढे, लाकडाचा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. तिथे दक्षिण कन्नडमधल्या सुळ्याच्या गिरीश भारद्वाज यांनी १९८९ पासून शंभराहून अधिक ठिकाणी बांधलेले तारदोरांचे झुलते पूलच योग्य. २०१७ ची पद्मश्री त्यांना याच कामासाठी मिळाली. गोकाकच्या धबधब्यावरचा सुमारे दोनशे मीटरचा झुलता पूल तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पण दहा मीटरच्या नाल्यासाठी पक्क्या पुलाची फाईल जितकी वर्षे फिरते तितके पावसाळे लोकांनी तारेने बांधलेल्या ओंडक्यावरून जावे, हे काही खरे नाही.

देखभाल वर्षातून दोनदा. दसऱ्यानंतर एकदा: हातोडीने प्रत्येक लाकूड ठोकत जायचे. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. भद्द वाजेल तिथे पेचकस टोचायचा, अर्ध्या इंचाहून आत सहज गेला तर तो तुकडा बदलायचा. तुळईच्या टोकांवरची माती खराट्याने नाही, हाताने काढायची, कारण कोपऱ्यातली खराट्याला निघत नाही. नट आवळायचे. दुसऱ्यांदा वळवाच्या पहिल्या पावसात, पाऊस चालू असतानाच पुलावर जायचे आणि वर बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. गळते ती जागा तेव्हाच कळते, उघडीप झाल्यावर कौल सरकलेले दिसत नाही. जिथे थेंब पडतो तिथल्या फळीवर खूण करून ठेवायची. खडूने नको, त्याच पाण्याने ती पुसली जाते. खिळ्याने ओरखडा मारावा.

आपले,
खानापूर व बेळगाव येथील काही सेवानिवृत्त बांधकाम अभियंते आणि सुतार